‘डिफर्ड लाइव्ह’ म्हणजे थेट की शिळं?

पंचगंगाघाट · शनिवार, रात्री ९.१०

दूरदर्शनच्या खेळांच्या चॅनलवर कधीकधी कोपऱ्यात ‘डिफर्ड लाइव्ह’ अशी पाटी असते. परवा बाबांनी ती वाचली आणि मला विचारलं, “पुढं ढकललेलं आणि आत्ता चालू असलेलं, दोन्ही एकदम कसं काय रे?” बाबा बँकेत होते, डिफर्ड म्हटलं की त्यांना थकलेले हप्तेच आठवतात. मला काही उत्तर देता आलं नाही. शब्दकोशात दोन्ही शब्द सुटे सुटे सापडतात, जोडीचा अर्थ लागत नाही.

जाणकारांना विचारायचंय ते असं. कालचं रेकॉर्डिंग असेल तर सरळ ‘रेकॉर्डेड’ का लिहीत नाहीत? पुनःप्रक्षेपण आणि हे एकच का? आणि ‘लाइव्ह’ला टीव्हीच्या धंद्यात काही ठरलेला अर्थ आहे, की ज्याला वाटेल त्यानं चिकटवावं?

गोलपोस्ट · शनिवार, रात्री ९.२२

शिळं म्हण की भावा सरळ. शिळ्या भाकरीवर कढत आमटी ओतली की झालं डिफर्ड लाइव्ह.

आमच्या पेठेतली गोष्ट सांगतो. शाहू स्टेडियमवर फुटबॉलचा सीझन चालू होता. जो मैदानावर गेला नाही तो रात्री लोकल केबलवर मॅच बघायचा. एका चॅनलनं (नाव घेत नाही, अजून तिथली माणसं ओळखीची हायत) रात्री नऊला मॅच लावली आणि कोपऱ्यात तांबड्या अक्षरात ‘लाइव्ह’. रात्रीचे नऊ आणि पडद्यावर रखरखीत ऊन! आमचे एक मामा ते बघून चौकात आले, “अजून बरोबरी हाय, लाव पैज” म्हणत. तिकडं जिंकलेल्या पाटाकडील तालमीची पोरं सातलाच गुलाल उधळून, हलगी वाजवून घरला गेलेली. मामांना कुणी सांगितलं नाही. उलट दोघांनी पैज घेतली.

हेडएंड · शनिवार, रात्री ९.५८

केबलच्या कंट्रोल रूममध्ये बसतो, म्हणून लिहितो.

गोलपोस्ट, तुमच्या मामांच्या बाबतीत कुणी मुद्दाम फसवलं असेलच असं नाही. मैदानावरून जे चित्र येतं ते दोन प्रकारचं असतं. एकावर काहीच लिहिलेलं नसतं, त्याला आम्ही क्लीन फीड म्हणतो. दुसऱ्यावर स्कोअर, घड्याळ, चॅनलचा लोगो आणि ते तांबडं ‘लाइव्ह’ सगळं आधीच छापलेलं असतं, ते डर्टी फीड. रेकॉर्डिंग डर्टी फीडचं केलं असेल तर ती अक्षरं चित्रातच मुरलेली असतात, पुसता येत नाहीत. क्लीन रेकॉर्डिंग ठेवायला जागा लागते, नंतर परत ग्राफिक्स बसवायला माणूस लागतो. छोट्या चॅनलला दोन्ही परवडत नाही. म्हणून रात्रीच्या अंधारात ऊन पडतं.

आता मूळ प्रश्न. धंद्यात आम्ही हे शब्द असे वापरतो. घटना चालू असताना सिग्नल निघाला तर तो लाइव्ह. घटना पूर्ण चित्रित झाली, कॅमेरे बदलणं, रिप्ले, कॉमेंट्री सगळं लाइव्हसारखंच जागेवर झालं, पण प्रेक्षकांपर्यंत काही वेळानं, बिनकापलेलं आणि पहिल्यांदाच गेलं, तर ते डिफर्ड लाइव्ह. ‘पहिल्यांदाच’वर जोर देतोय कारण पुनःप्रक्षेपणात आणि यात फरक तिथंच आहे. पुनःप्रक्षेपण म्हणजे एकदा दाखवून झालेलं परत. डिफर्ड म्हणजे आधी कुणीच तुम्हाला दाखवलेलं नाही.

आणि ‘रेकॉर्डेड’ म्हटलं की आमच्यात अर्थ होतो, एडिट टेबलवर गेलेलं. मधला रटाळ भाग कापला, क्रम बदलला, आवाज नंतर घातला. डिफर्ड लाइव्हमध्ये खेळाडू जखमी होऊन पाच मिनिटं पडून राहिला तर तीही पाच मिनिटं तुम्ही बघता. त्या पाटीचा अर्थ ‘आत्ता चाललंय’ असा नाही, ‘कात्री लावलेली नाही’ असा आहे. बाबांना एवढंच सांगा.

पंचगंगाघाट · शनिवार, रात्री १०.०५

हे सांगितलं. बाबा म्हणाले, “मग ‘अखंड’ लिहा की.”

अनुस्वार · शनिवार, रात्री १०.३०

बाबांना माझा नमस्कार सांगा. अखंड हा शब्द मला पटला.

मराठीत या सगळ्याला शब्द नव्हते असं मुळीच नाही. आकाशवाणी आणि दूरदर्शननं ते घडवले आणि रोज कानावर घालून रुळवले. लाइव्हला थेट प्रक्षेपण, रिलेला सहक्षेपण, हायलाइट्सना क्षणचित्रे, कॉमेंट्रीला धावतं समालोचन. ‘दिल्लीहून सहक्षेपित’ हे वाक्य ज्यांनी ऐकलंय त्यांना रिले म्हणजे काय ते वेगळं शिकवावं लागलं नाही. खासगी चॅनल आले आणि नवे शब्द घडवणारं कुणी उरलं नाही, म्हणून डिफर्ड तसंच राहिलं. ‘विलंबित थेट प्रक्षेपण’ असं कुठंकुठं लिहिलेलं वाचतो मी, पण कोल्हापुरात विलंबित म्हटलं की लोक संथ लयीच्या ख्यालाला बसतात. देवल क्लबसारखी गाण्याची संस्था असलेल्या गावात हा शब्द आधीच गुंतलेला आहे.

गोलपोस्ट · शनिवार, रात्री १०.३४

अनुस्वार दादा, एक नंबर.

अनुस्वार · शनिवार, रात्री १०.३६

ताई. ‘वाचतो मी’ म्हटल्यावर फसलात. कोल्हापूरच्या पोरी असंच बोलतात, तुम्ही कुठल्या पेठेतले?

सर्किटबेंच · रविवार, सकाळी ७.४५

डिफर्डचा सगळ्यात गाजलेला किस्सा कोर्टातला आहे, आणि तो कुणीच काढला नाही म्हणून लिहितो. (वकिली करतो. कोल्हापुरात मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचं काम सुरू झाल्यापासून मुंबईची रात्रीची गाडी सुटली, म्हणून रविवारी सकाळी लिहायला बसता येतं.)

जानेवारी २००७. वेस्ट इंडिजचा संघ आपल्याकडं वनडे खेळायला आला होता. प्रक्षेपणाचे हक्क निंबस या कंपनीनं घेतलेले. दूरदर्शनला थेट सिग्नल द्यायला कंपनी राजी नव्हती. तिचं म्हणणं सरळ होतं: मी पैसे मोजून हक्क घेतले, तेच चित्र फुकटात घरोघर गेलं तर माझ्या चॅनलकडं कोण बघणार? दूरदर्शनचं म्हणणं: देशातल्या निम्म्या घरांत केबल नाही, त्यांनी भारताची मॅच बघायचीच नाही का? प्रकरण दिल्ली उच्च न्यायालयात गेलं आणि तात्पुरता तोडगा निघाला. दूरदर्शननं मॅच दाखवावी, पण सात मिनिटं उशिरा.

सात मिनिटं म्हणजे साधारण दीड-दोन षटकं. विकेट पडली की केबलवाल्या घरातून आरोळी, आणि दूरदर्शनवाल्या घरात तोच फलंदाज अजून गार्ड घेतोय. हा तोडगा फार दिवस टिकणारा नव्हताच. फेब्रुवारीत केंद्रानं अध्यादेश काढला आणि त्याच वर्षी कायदा झाला. राष्ट्रीय महत्त्वाच्या म्हणून जाहीर झालेल्या सामन्यांचा थेट सिग्नल, जाहिराती काढून, हक्कदार कंपनीनं प्रसार भारतीला (दूरदर्शन आणि आकाशवाणी चालवणारी संस्था) त्याच वेळी द्यायचा. दूरदर्शननं त्यात स्वतःच्या जाहिराती घालायच्या आणि मिळकतीतला ७५ टक्के वाटा हक्कदाराला, २५ टक्के प्रसार भारतीला. रेडिओसाठी निम्मं निम्मं.

म्हणजे बघा, ‘थेट’ आणि ‘उशिरा’ यातला फरक इथं पैशात मोजला गेला. सात मिनिटांचा उशीर हा कंपनीच्या मालमत्तेचं कुंपण होता.

याच्या मागं अजून एक निकाल आहे. १९९३ च्या हिरो कपच्या वेळी बंगालच्या क्रिकेट असोसिएशननं प्रक्षेपणाचे हक्क परदेशी कंपनीला दिले आणि दूरदर्शनशी वाजलं. सरकारचा आधार होता १८८५ चा टेलिग्राफ कायदा. तारेच्या जमान्यातल्या कायद्यावर टीव्हीचा हक्क सांगत होते. सर्वोच्च न्यायालयानं ९ फेब्रुवारी १९९५ ला निकाल दिला की हवेतल्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, त्या सरकारच्या एकट्याच्या मालकीच्या नाहीत आणि कुणा कंपनीच्याही नाहीत. आज शेकडो चॅनल आहेत ते याच निकालाच्या वळणावरून आलेत.

जुनी_अँटेना · रविवार, सकाळी ९.२०

वकीलसाहेब, छान लिहिलंय. आमच्या पिढीला मात्र लाइव्ह हा शब्द लागायचाच नाही, कारण लाइव्ह नसलेलं फार थोडं होतं. सुरुवातीच्या टीव्हीवर रेकॉर्डिंगची सोयच तुटपुंजी, स्टुडिओत बसून बोललेलं तसंच बाहेर जायचं. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ ला सुरू झालं, पुढच्या वर्षी सिंहगडावरून पुण्याला दिसायला लागलं. कोल्हापूर लांबच. आम्ही सांगली आकाशवाणी ऐकत मोठे झालो.

१५ ऑगस्ट १९८२ ला रंगीत टीव्ही आणि राष्ट्रीय कार्यक्रम आला, त्याच वर्षी एशियाड. तेव्हापासून गल्लीत एकाच्या घरी टीव्ही आणि बाकी सगळे दारात. मधेच चित्र गेलं की ‘व्यत्यय’ अशी पाटी यायची. ती पाटी हेच थेट असल्याचं सर्टिफिकेट होतं.

आणि हे डिफर्डवाले निदान काहीतरी दाखवतात तरी. १८ जून १९८३, टनब्रिज वेल्स, झिम्बाब्वेविरुद्ध. आपले १७ धावांत ५ बाद आणि तिथून कपिल देव नाबाद १७५. त्या खेळीचं टीव्ही चित्रीकरणच नाही. बीबीसीचा त्या दिवशी संप होता असं सांगतात. थेट नाही, उशिरा नाही, क्षणचित्रं नाहीत. आपल्या क्रिकेटमधली एवढी मोठी खेळी फक्त तोंडी उरली.

भोगावती · रविवार, सकाळी ११.०५

राम राम मंडळी. मी राधानगरीकडचा. वकीलसाहेब म्हणतात थेट सिग्नल त्याच वेळी द्यायचा, कायदा हाय. मग माझी अडचण सोडवा. आमच्या घरावर दूरदर्शनची बिनवर्गणीची फ्री डिश हाय, त्यावर दूरदर्शनच्या खेळाच्या चॅनलला भारताची मॅच दिसती. कोल्हापुरात मेव्हण्याकडं केबल हाय, महिन्याला पैसे भरतोय. त्याच्याकडं तोच चॅनल लावला तर मॅच नाही, दुसराच कुठला तर जुना खेळ. मेव्हणा म्हणतो तुझी डिश चोरीची हाय. चोरीची नाही, बाजारातनं रोख देऊन आणलेली हाय. पैसे भरणाऱ्याला दिसत नाही आणि फुकटवाल्याला दिसतंय, हा काय न्याय?

सर्किटबेंच · रविवार, दुपारी १२.१५

भोगावतीअण्णा, तुमची डिश चोरीची नाही, मेव्हण्यांना सांगा.

२००७ च्या कायद्यात लिहिलंय की मिळालेला सिग्नल प्रसार भारतीनं आपल्या जमिनीवरच्या प्रक्षेपण केंद्रांवरून आणि आपल्या डीटीएचवरून दाखवायचा. दुसरीकडं १९९५ चा केबल कायदा म्हणतो की दूरदर्शनचे ठरावीक चॅनल प्रत्येक केबलवाल्यानं दाखवलेच पाहिजेत. दोन्ही एकत्र केले की झालं काय, दूरदर्शनला दिलेला फुकटचा सिग्नल केबलवरूनही जायला लागला. मग ज्यांनी कोट्यवधी रुपये मोजले त्यांच्या चॅनलची वर्गणी केबलवाल्या घरांनी का भरावी? क्रिकेट मंडळ आणि हक्कदार चॅनल कोर्टात गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शेवटचा शब्द दिला: सिग्नल प्रसार भारतीच्या स्वतःच्या केंद्रांपुरता आणि फ्री डिशपुरता. केबल आणि खासगी डीटीएचवर नाही.

म्हणून चॅनलचं नाव एकच, पण फ्री डिशवर मॅच आणि मेव्हण्यांकडं भरताड. कायद्याचा हेतू होता ज्याच्याकडं दुसरा काही मार्ग नाही त्याला मॅच मिळावी. मेव्हण्यांकडं दुसरा मार्ग आहे, त्या चॅनलचे पैसे भरण्याचा. मला विचाराल तर निकाल तर्काला धरून आहे, पण तो सामान्य माणसाला समजावून सांगण्याची तसदी कुणी घेतली नाही. त्यामुळं केबलवाल्यांना शिव्या बसतात.

हेडएंड · रविवार, दुपारी १२.४०

बसतात म्हणजे! मॅचच्या दिवशी ऑफिसचा फोन काढून ठेवावासा वाटतो. “दूरदर्शनसुद्धा तुम्ही विकत देता काय” असं एका आजींनी विचारलं होतं.

तांबडापांढरा · रविवार, दुपारी २.५०

मला एक सांगा, लाइव्ह तरी खरंच लाइव्ह असतं का? आमच्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावर केबल, माझ्याकडं मोबाइलवरचं ॲप. बॉलर रनअप घेतोय तोवर खालून “गेलाऽऽ” ऐकू येतं. आता मी मॅच बघायची सोडून खालच्यांचा आवाजच ऐकतो.

हेडएंड · रविवार, दुपारी ३.३५

याचं उत्तर जरा सविस्तर देतो, कारण लोक उगाच उपग्रहाला दोष देतात.

टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर जवळजवळ ३६,००० किलोमीटर उंचीवर असतात. सिग्नल वर जाऊन खाली आला म्हणजे ७२,००० किलोमीटर. रेडिओलहरी सेकंदाला तीन लाख किलोमीटर जातात, म्हणजे हिशेब पाव सेकंदाचा. एवढा उशीर तुम्हाला जाणवणारसुद्धा नाही.

खरा वेळ जातो तो चित्र आवळण्यात. डिजिटल टीव्हीत प्रत्येक चौकट पूर्ण पाठवत नाहीत. एक चौकट पूर्ण, मग पुढच्या कितीतरी चौकटींत फक्त काय बदललं तेवढंच. काय बदललं हे कळायला यंत्राला पुढच्या चौकटी हातात येईपर्यंत थांबावं लागतं. मैदानावरच्या ओबी व्हॅनमध्ये (प्रक्षेपणाच्या गाडीत) एकदा आवळायचं, चॅनलच्या स्टुडिओत सोडायचं, ग्राफिक्स आणि जाहिराती घालून परत आवळायचं, वर पाठवायचं. आमच्या हेडएंडला, म्हणजे केबलच्या कंट्रोल रूमला, डिशवर उतरवून घ्यायचं, आमच्या इतर चॅनलांबरोबर एकत्र बांधायचं, फायबरवर सोडायचं. शेवटी तुमच्या सेट टॉप बॉक्सनं उलगडायचं. प्रत्येक ठिकाणी थोडा थोडा वेळ जातो आणि बेरीज काही सेकंदांवर जाते. चॅनल बदलल्यावर पडदा क्षणभर काळा राहतो त्याचं कारणही हेच, बॉक्स पुढच्या पूर्ण चौकटीची वाट बघत असतो. जुन्या ॲनालॉग केबलला ही भानगड नव्हती. चित्रावर मुंग्या यायच्या पण वेळेवर यायच्या.

मोबाइलचं अजून वेगळं. तिथं चित्राचे काही काही सेकंदांचे तुकडे करतात, प्रत्येक तुकडा सर्व्हरवर तयार होतो आणि तुमचं ॲप दोनतीन तुकडे आधी साठवल्याशिवाय चालूच करत नाही, नाहीतर नेट जरा हललं की चित्र अडकेल. म्हणून ॲप अर्धा मिनिटभर मागं राहू शकतं. तुमचे खालचे शेजारी भविष्य सांगत नाहीत, ते फक्त तुमच्यापेक्षा कमी शिळं बघतात.

भोगावतीअण्णांच्या फ्री डिशलाही थोडी जास्त वाट बघावी लागते. हक्कदाराकडून आलेलं चित्र दूरदर्शन उतरवून घेतं, जाहिराती घालतं आणि परत वर पाठवतं. एक चक्कर जादा.

गोलपोस्ट · रविवार, दुपारी ३.४१

म्हणजे पूर्ण लाइव्ह फक्त स्टेडियमच्या कट्ट्यावर. तरी सांगत होतो.

अनुस्वार · रविवार, सायंकाळी ५.१५

कट्ट्यावर तरी कुठं? किरणोत्सव आठवा. नोव्हेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारीच्या अखेरीला मावळतीचं ऊन महाद्वारातून, गरुड मंडपातून आत येतं आणि अंबाबाईच्या मूर्तीवर पडतं. पहिल्या दिवशी चरणांपर्यंत, मग वर, मग मुखापर्यंत. गाभाऱ्यासमोर जागा मिळणं अवघड, म्हणून लोक बाहेर पडद्यावर आणि घरी लोकल चॅनलवर थेट बघतात. आणि सूर्यावरून निघालेला प्रकाश पृथ्वीवर यायला आठ मिनिटांहून थोडा जास्त वेळ लागतो. म्हणजे अगदी उंबऱ्याशी उभा असलेला माणूसही जे किरण बघतो ते आठ मिनिटांपूर्वी निघालेले.

सर्किटबेंच · रविवार, सायंकाळी ५.२२

दिल्ली कोर्टानं सातच दिली होती. सूर्यनारायणांनी अपिलात एक वाढवून घेतलं.

पंचगंगाघाट · रविवार, रात्री ८.००

बाबा हे सगळं मोठ्यानं वाचून घेतायत. त्यांचा पुढचा प्रश्न: उशीर हा पैशासाठी किंवा यंत्रामुळं, एवढंच? मुद्दाम, चांगल्या कारणानं थेट दाखवत नाहीत असं काही आहे का?

सर्किटबेंच · रविवार, रात्री ८.४५

आहे, आणि ते आपल्याकडं फार मोठी किंमत मोजून आलंय. २६/११ ला मुंबईत कमांडोंची कारवाई चालू असताना चॅनल ती मिनिटामिनिटाला थेट दाखवत होते. आत बसलेल्या अतिरेक्यांना बाहेरच्या हालचालींची माहिती फोनवरून पुरवली जात होती, आणि पलीकडचे लोक टीव्ही बघत होते. सर्वोच्च न्यायालयानंही नंतर या थेट प्रक्षेपणावर कडक शब्दांत ताशेरे ओढले. २०१५ मध्ये केबल टीव्हीच्या नियमांत भर घातली गेली: दहशतवादविरोधी कारवाई चालू असताना थेट चित्रण दाखवायचं नाही, ती संपेपर्यंत नेमलेला अधिकारी जेवढं अधूनमधून सांगेल तेवढंच.

परदेशात वेगळ्या कारणानं करतात. अमेरिकेत २००४ च्या सुपर बोलच्या (तिकडच्या फुटबॉलचा अंतिम सामना) मध्यंतरात स्टेजवर भलताच प्रकार झाला. त्यानंतर त्याच महिन्यात ऑस्करचा सोहळा पाच सेकंद उशिरा दाखवला, कुणी काही बोललं किंवा केलं तर बटण दाबायला वेळ मिळावा म्हणून. तिकडच्या रेडिओवर श्रोत्यांचे फोन घेतात तेव्हा असा काही सेकंदांचा उशीर फार आधीपासून ठेवतात. प्रेक्षकाला ते लाइव्हच वाटतं आणि म्हणतातही लाइव्हच.

तांबडापांढरा · रविवार, रात्री ९.०५

मग पाच सेकंद उशीर म्हणजे लाइव्ह आणि सात मिनिटं म्हणजे डिफर्ड. मधे रेघ कुठं मारायची?

हेडएंड · रविवार, रात्री ९.३०

घड्याळावर रेघ नाही. आम्ही धंद्यात असं बघतो: उशीर साखळीतून आपोआप आला किंवा खबरदारीचा असला तर लाइव्ह. कुणीतरी बसून ठरवलं की आत्ता नको, संध्याकाळी साडेसहाला दाखवू, तर डिफर्ड. अमेरिकेच्या एका नेटवर्कनं सिडनी ऑलिंपिक २००० मध्ये जवळपास सगळंच असं साठवून रात्री दाखवलं, कारण सिडनीत दिवस तेव्हा तिकडं रात्र. त्यांच्याकडं त्याला टेप डिले म्हणतात. टेप आता कुठं नाही, शब्द राहिला.

आपल्याकडं डिफर्ड जास्त करून दोन कारणांनी लागतं. एकाच वेळी दोन मैदानांवर खेळ आणि चॅनल एक, मग एक थेट आणि दुसरा संपला की लगेच डिफर्ड. राष्ट्रीय स्पर्धांच्या वेळी हे नेहमीचं. किंवा हक्क देणाऱ्यानंच करारात लिहिलेलं असतं की तुम्ही अमुक तासांनंतर दाखवा. अशा वेळी चॅनलनं ‘डिफर्ड’ लिहिलं तर त्यानं खरं सांगितलं म्हणायचं. नुसतं ‘लाइव्ह’ लिहिलं की मला चीड येते.

गोलपोस्ट · रविवार, रात्री ९.४४

हे पटलं. मामांना पण वाचून दाखवलं. त्यांचं म्हणणं, पाटी असती तर पैज वाचली असती. पैसे अजून दिले नाहीत त्यांनी, म्हणतात ते पण डिफर्ड.

अनुस्वार · रविवार, रात्री १०.१०

पाटीबद्दल माझं मत लिहितो. ‘डिफर्ड लाइव्ह’ प्रामाणिक आहे हे मान्य, पण ते आतल्या माणसांना कळतं. बघणाऱ्याला हवी असते एकच गोष्ट: हा खेळ संपलाय का? त्याला निकाल कुठूनतरी आधी कळू शकतो का? मराठी चॅनलनं ‘आज दुपारचा सामना, अखंड’ एवढं लिहिलं तर पंचगंगाघाटच्या बाबांना दुसऱ्यांदा विचारावं लागणार नाही. लाइव्ह हा शब्द मुळातून काढावा असं मी म्हणत नाही, तो आता मराठीच झालाय. डिफर्ड झालेला नाही आणि होईलसं वाटत नाही.

जुनी_अँटेना · सोमवार, सकाळी ६.५०

अखंडवरून आठवलं, हरिनाम सप्ताहवाले हक्क सांगतील ताई.

भोगावती · सोमवार, सकाळी ८.३०

हेडएंड दादा, वकीलसाहेबांचं मेव्हण्याला वाचून दाखवलं. आता त्यालाच फ्री डिश बसवायची हाय, केबल ठेवून जोडीला. कुठल्या दिशेला तोंड करायचं? आमची बसवणारा पोरगा पुण्याला गेला. आणि पावसात चित्र जातंय त्यावर काही इलाज हाय काय?

हेडएंड · सोमवार, सकाळी ९.१५

तुम्ही माझ्याच गिऱ्हाइकाला फोडताय अण्णा, तरी सांगतो.

फ्री डिश जीसॅट-१५ वरून येते, तो ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. कोल्हापुरातून बघितलं तर आग्नेयेला, क्षितिजापासून साधारण साठ अंश वर. एवढं वर असल्यामुळं समोरच्या बिल्डिंगची अडचण सहसा येत नाही, पण वरच्या मजल्याचा सज्जा किंवा नारळाचा झाप मधे येतो का ते आधी बघा. होकायंत्र मोबाइलमध्ये असतं, पण लोखंडी पत्र्याच्या छपरावर उभं राहून बघू नका, चुकीची दिशा दाखवतं. दिशा ढोबळ धरून मग बॉक्सवरचा सिग्नल बघत डिश केसाकेसानं हलवायची, वर-खाली आणि डावी-उजवी आळीपाळीनं, आणि बोल्ट शेवटी एकदम आवळायचे. बॉक्स घेताना एमपीईजी-४ (चित्र आवळायची नवी पद्धत) चालणारा घ्या, जुन्या बॉक्सवर सगळे चॅनल येत नाहीत.

पावसाला पूर्ण इलाज नाही. डिशवर येणाऱ्या लहरी जोराच्या पावसात शोषल्या जातात. दिशा अचूक असेल तर हलक्या सरीत चित्र टिकतं, आणि थोडी मोठी डिश घेतली तर अजून जरा तग धरतं. राधानगरीचा आषाढातला पाऊस असला तर मात्र रेडिओ लावा.